१२३४५६७८९८७६५४३२१ : संख्येचे गुण कोणते आणि लेखनाचे कोणते?

कर्वेनगरकर (धागाकर्ता)

नमस्कार.

१११११११११ या संख्येला, म्हणजे ओळीने नऊ वेळा लिहिलेल्या एकाला, तिनेच गुणले की १२३४५६७८९८७६५४३२१ हे उत्तर येते, हे बहुतेकांनी शाळेत असताना कधी ना कधी पाहिलेले असते. मी पुण्यातील एका शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना गणित शिकवतो. हा गुणाकार फळ्यावर पुरा झाला की वर्गात जो आनंद पसरतो तो अगदी खरा असतो; पण त्यानंतर मुले "ही जादू आहे" असे म्हणून वही मिटतात, आणि तिथे थांबणे मला पटत नाही. या सतरा अंकी संख्येवर नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

आधी कारण सांगतो. गुणाकार उभ्या मांडणीत लिहिला की नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळीत नऊ एक असतात आणि प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली असते. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच १ येतो, दुसऱ्यात दोन येतात, असे करत नवव्या रकान्यात नऊ एक जमतात. त्यापुढे वरच्या ओळी एकेक करून संपत जातात, म्हणून आठ, सात असे उतरत सतराव्या रकान्यात पुन्हा एकच १ उरतो. कोणत्याही रकान्याची बेरीज ९ च्या पुढे जात नाही, त्यामुळे हातचा घ्यावाच लागत नाही आणि रकान्यांची उंची जशीच्या तशी उत्तरात उतरते.

आता मुख्य प्रश्न. एखाद्या संख्येविषयी आपण जे गुण सांगतो त्यांचे दोन प्रकार पडतात असे मला वाटते. काही गुण ती संख्या दशमान पद्धतीत लिहिल्यामुळे दिसतात: उलट वाचली तरी ती तीच राहते, तिच्या अंकांची बेरीज ८१ येते, अंक चढत जाऊन उतरतात. हीच संख्या संगणकाच्या द्विमान पद्धतीत लिहिली तर ती उलटसुलट सारखी राहत नाही आणि चढउतारही दिसत नाही. दुसऱ्या प्रकारचे गुण मात्र ती कशीही लिहिली तरी टिकतात: तिचे मूळ अवयव, तिच्या विभाजकांची संख्या, ती वर्गसंख्या आहे ही गोष्ट. या संख्येचे कोणते गुण पहिल्या प्रकारचे आणि कोणते दुसऱ्या प्रकारचे, हे सर्वांनी मिळून शोधावे अशी विनंती आहे.

पाटीपेन्सिल

उत्तम विषय. वाचनखूण साठवली आहे.

हातचा घ्यावा लागत नाही म्हणून आकृती टिकते, हे एकदा कळले की ती कुठे मोडेल हेही सांगता येते. दहा एक घेतले तर मधल्या रकान्याची बेरीज १० होते. तिथे ० लिहून १ हातचा डावीकडच्या ९ मध्ये मिळवावा लागतो, त्याचेही १० होतात, पुन्हा ० लिहून हातचा १ पुढच्या ८ मध्ये जातो, त्याचे ९ होतात आणि हातच्यांची साखळी तिथे संपते. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या बाजूच्या चढणीतून ८ नाहीसा झाला आहे हे लक्षात घ्या. उजवी बाजू मात्र पूर्वीसारखीच आहे, कारण हातचा नेहमी डावीकडे जातो.

हाच नाहीसा झालेला ८ आणखी एका ठिकाणी भेटतो. १ ला ८१ ने भागले तर ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असा आवर्ती दशांश मिळतो, आणि त्यातही ८ नसतो. कारण तेच आहे. १ भागिले ९ म्हणजे ०.१११…, आणि त्याचा वर्ग करताना रकान्यांच्या बेरजा १, २, ३ अशा वाढत १० पर्यंत आणि त्याही पुढे जातात. पहिला १० आला की त्याचा हातचा ९ ला शून्य करतो आणि ८ ला ९ करतो.

तेव्हा दशमान पद्धतीत असे डोंगर नऊच आहेत: १, १२१, १२३२१ पासून आपल्या संख्येपर्यंत. आपली संख्या या ओळीतली शेवटची आणि सर्वांत उंच आहे.

हिंजवडीकर

एक व्यावहारिक प्रश्न विचारतो, कारण उत्तर या धाग्याशी संबंधित असावे. १११११११११ चा वर्ग मी स्प्रेडशीटमध्ये काढला तेव्हा १२३४५६७८९८७६५४३०० असे उत्तर दिसले, आणि ब्राउझरमध्ये तोच गुणाकार केला तेव्हा १२३४५६७८९८७६५४३२० असे आले. पायथन या संगणकभाषेत मात्र शेवटचा अंक १ बरोबर आला. स्प्रेडशीट पंधरा सार्थ अंकच दाखवते हे मला माहीत आहे, पण दुसऱ्या उत्तरात नेमका एकच का कमी झाला?

कर्वेनगरकर

हिंजवडीकर, तुमच्या प्रश्नाचे उत्तर दोनाच्या घातांत आहे. ब्राउझरची भाषा साध्या संख्या ज्या ६४ बिटांच्या द्विमान 'फ्लोटिंग पॉइंट' स्वरूपात साठवते त्यात संख्येच्या सार्थ भागाला ५३ बिटांचीच जागा असते. दोनाचा ५३ वा घात ९००७१९९२५४७४०९९२ आहे. तिथपर्यंतचा प्रत्येक पूर्णांक अचूक साठवता येतो. तिथून दोनाच्या ५४ व्या घातापर्यंत, म्हणजे १८०१४३९८५०९४८१९८४ पर्यंत, फक्त सम संख्यांना जागा मिळते. आपली संख्या नेमकी या दोन मर्यादांच्या मधे पडते आणि ती विषम आहे, म्हणून तिला शेजारच्या सम संख्येवर जावे लागते. …३२० आणि …३२२ या दोन्ही शेजारणी सारख्याच अंतरावर आहेत; अशा वेळी ज्या संख्येच्या साठवलेल्या द्विमान भागाचा शेवटचा अंक शून्य असतो ती निवडायची असा नियम आहे, आणि तो …३२० च्या बाजूने लागतो. पायथन पूर्णांकांना हवी तेवढी जागा देतो, म्हणून तिथे ही अडचण येत नाही.

योगायोगाने तुम्हाला मिळालेली संख्याही पाहण्यासारखी आहे. आपल्या संख्येतून १ वजा केला तर वर्गांच्या वजाबाकीच्या सूत्राने उत्तर दोन संख्यांच्या गुणाकारात मांडता येते: १११११११११ − १ आणि १११११११११ + १, म्हणजे ११११११११० × ११११११११२. यांतली पहिली म्हणजे आठ एकांची दहापट, आणि आठ एकांच्या संख्येचे मूळ अवयव ११, ७३, १०१ आणि १३७ आहेत. त्यामुळे तुमच्या ब्राउझरच्या उत्तराला या चारही संख्यांनी निःशेष भाग जातो, आणि खऱ्या संख्येला भागले तर चारही वेळा बाकी १ उरते.

निळीशाई

आता अवयव पाहू, कारण संख्येचे स्वतःचे गुण तिथेच सापडतात.

१११११११११ = १११ × १००१००१. यातला १११ = ३ × ३७ आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. म्हणून १११११११११ चे अवयव ३ × ३ × ३७ × ३३३६६७ होतात, आणि आपली संख्या म्हणजे ३ चा चौथा घात, गुणिले ३७ चा वर्ग, गुणिले ३३३६६७ चा वर्ग.

३३३६६७ मूळ आहे हे कसे ठरवायचे? तिचे वर्गमूळ ५७७ आणि ५७८ यांच्या मधे आहे, तेव्हा सरळ मार्गाने ५७७ पर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल. पण इथे मोठी सवलत मिळते. ३३३६६७ चा कोणताही मूळ अवयव घेतला तर तो ९९९९९९९९९ चाही अवयव असतो, म्हणजे दहाच्या नवव्या घाताला त्याने भागले की बाकी १ उरते. दहाच्या याहून लहान घातालाच बाकी १ उरत असेल तर तो अवयव ३ किंवा ३७ असावा लागतो, आणि या दोहोंनी ३३३६६७ ला भाग जात नाही. तेव्हा बाकी १ पहिल्यांदा नवव्या घातालाच येते, आणि फर्माच्या प्रमेयाप्रमाणे त्या अवयवातून १ वजा केल्यास उरलेल्या संख्येला ९ ने भाग गेला पाहिजे; अवयव विषम असल्याने १८ नेही गेला पाहिजे. ५७७ पर्यंत अशा मूळ संख्या, ३७ वगळता, सोळाच आहेत: १९, ७३, १०९, १२७ पासून ५७७ पर्यंत. दुपारच्या फावल्या वेळात वहीवर सोळा भागाकार करून कोणीही खात्री करून घेऊ शकेल, आणि तो आनंद जरूर घ्यावा.

घात ४, २, २ असल्यामुळे विभाजकांची संख्या ५ × ३ × ३ = ४५ येते. स्वतःखेरीज उरलेल्या विभाजकांची बेरीज ६६०८६००६०५१७३२५८ होते, म्हणजे संख्येच्या निम्म्याहून थोडी अधिक.

विभाजकांत एक सुंदर जोडी आहे: १२३२१ × १००२००३००२००१ = १२३४५६७८९८७६५४३२१. पहिला अवयव हा लहान डोंगर आहे, आणि दुसरा तीन-तीन अंकांच्या गटांत वाचला तर १, २, ३, २, १ असा पुन्हा तोच डोंगर आहे. दोन्ही अवयव वर्ग आहेत, १११ आणि १००१००१ यांचे.

पाटीपेन्सिल

निळीशाई यांच्या यादीत मी आणखी एक मांडणी जोडतो. १२३४५६७९ × ९ = १११११११११ हे प्रसिद्धच आहे. मग १११११११११ च्या वर्गातला एक ९ पुढे नेऊन असे लिहिता येते:

१२३४५६७८९८७६५४३२१ = १२३४५६७९ × ९९९९९९९९९.

नऊ नवांनी गुणणे म्हणजे त्या संख्येपुढे नऊ शून्ये देऊन तीच संख्या वजा करणे. १२३४५६७९००००००००० मधून १२३४५६७९ वजा करा: डावा भाग एकने कमी होऊन १२३४५६७८ होतो आणि उजवीकडे ९८७६५४३२१ येतात. ज्या अवयवात ८ नाही त्याच्यापासून ८ दोनदा असलेली संख्या कशी तयार होते, हे या वजाबाकीत उघड दिसते.

सहकारनगरची आई

सर, माझी मुलगी नववीत आहे आणि आम्ही दोघींनी हा धागा बसून वाचला. तिचा प्रश्न असा आहे की अंकांची बेरीज ८१ येते आणि संख्येला ८१ नेच भाग जातो, हा योगायोग आहे का? ९ ची कसोटी तिला माहीत आहे. पण अंकांच्या बेरजेला ८१ ने भाग गेला म्हणून संख्येलाही जाईलच असे नसते, असे तिने एक उदाहरण घेऊन दाखवले: नऊ नवांची ९९९९९९९९९ तिला चालली, पण १८९९९९९९९९ ला मात्र ८१ ने भाग जात नाही.

शुल्ब

आपल्या मुलीचे अभिनंदन, कारण तिने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना हर्षद संख्या म्हणतात, आणि हे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी दिले. आपली संख्या हर्षद आहे: ८१ × १५२४१५७८९९७१०४१.

या धाग्यात कापरेकरांचे नाव यायलाच हवे होते, कारण या डोंगरांचा त्यांनी विशेष अभ्यास केला. ते १९०५ साली डहाणूला जन्मले, आपल्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले, आणि १९२७ साली त्यांना विद्यार्थ्याच्या स्वतंत्र गणिती कामासाठीचे रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. पुढे त्यांनी देवळालीच्या शाळेत १९६२ पर्यंत शिक्षकाची नोकरी केली आणि संख्यांवरचे सारे काम त्या नोकरीबरोबरच केले. ६१७४ या त्यांच्या स्थिरांकाविषयी सर्वांनी वाचलेलेच असते, म्हणून त्यात जात नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे काम जगभर पोहोचले.

१, १२१, १२३२१ या मालिकेला कापरेकरांनी डेम्लो संख्यांमध्ये खास स्थान दिले. मुंबईजवळच्या, त्या वेळच्या जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरील ज्या स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली त्याचे नाव त्यांनी या संख्यांना दिले. ते स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली असे त्यांच्या चरित्रांत नोंदलेले आहे. डेम्लो संख्येचा गाभा असा की डावा आणि उजवा भाग यांची बेरीज केली की मधला अंकच पुन्हा पुन्हा येतो. १२३२१ मध्ये १२ + २१ = ३३ आणि मधे ३. आपल्या संख्येत १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९ आणि मधे ९.

त्यांच्याही कितीतरी आधी, नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातील महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रहा'त १२३४५६५४३२१ ही संख्या 'एकापासून सहापर्यंत चढून क्रमाने उतरणारी' अशा वर्णनाने सांगितली आहे, आणि तिला २७९९४६८१ × ४४१ या गुणाकाराचे फळ म्हणून मांडले आहे. आज अवयव काढून पाहिले तर ही निवड किती विचारपूर्वक आहे ते कळते: ४४१ हा २१ चा वर्ग आणि २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग आहे, आणि २१ × ५२९१ = ११११११. उलट वाचली तरी तीच राहणारी संख्या, आणि तिचे अवयव मात्र तसे अजिबात न दिसणारे!

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. आपल्या संख्येचा पहिला अंक त्यांतल्या सतराव्या स्थानी, म्हणजे 'मध्य' या स्थानी येतो. आकृती मोडणारी दहा एकांची वर्गसंख्या मात्र एकोणीस अंकी आहे, ती परार्धाच्याही पुढे जाते. नऊच्या नऊ डोंगर लीलावतीच्या स्थानांत मावतात.

कर्वेनगरकर

८१ चा प्रश्न योगायोगाचा आहे का, याचे उत्तर मला द्यायचे आहे, कारण धाग्याच्या मूळ प्रश्नाला ते थेट भिडते.

समजा आपण अष्टमान पद्धतीत लिहितो, जिथे ० ते ७ हेच अंक आहेत आणि १० म्हणजे आपले आठ. तिथे सर्वांत उंच डोंगर सात एकांचा होईल, आणि त्यांचा वर्ग त्या पद्धतीत १२३४५६७६५४३२१ असा दिसेल. सात एकांची ती संख्या आपल्या दशमान लेखनात २९९५९३ आहे, आणि तिचे अवयव ७ × १२७ × ३३७ आहेत. डोंगराच्या अंकांची बेरीज ४९ येते, आणि संख्येला ४९ ने भागही जातो. म्हणजे तिथला सर्वांत उंच डोंगरही हर्षद आहे.

याचे कारण कोणत्याही पद्धतीला लागू पडते. पद्धतीचा आधार कोणताही असो, त्याच्यातून १ वजा केलेल्या संख्येने आधाराच्या प्रत्येक घाताला भागले की बाकी १ उरते. आपल्याकडे नऊने दहाच्या प्रत्येक घाताला भागल्यावर तेच होते. सर्वांत उंच डोंगरासाठी असे बरोबर नऊ घात मिळवायचे असतात, म्हणून बाक्यांची बेरीज नऊ होते आणि भाग निःशेष जातो. मूळ संख्येला ९ ने भाग गेला म्हणून वर्गाला ८१ ने जातो, आणि अंकांची बेरीज तर मांडणीवरूनच ८१ आहे. नऊ डोंगरांपैकी हर्षद तीनच आहेत, १, १२३२१ आणि हा शेवटचा. त्यांतल्या शेवटच्याचे हर्षद असणे हा दहाचा योगायोग नाही, प्रत्येक आधारात सर्वांत उंच डोंगर तसाच असतो.

८ वगळलेल्या १२३४५६७९ चेही तसेच आहे. अष्टमान पद्धतीत १२३४५७ × ७ = सात एक. तिथे ६ गळतो, आपल्याकडे ८ गळतो. दोन्हीकडे गळणारा अंक आधारापेक्षा दोनने लहान आहे.

तेव्हा माझी दोन प्रकारांची विभागणी आता मला अपुरी वाटते, आणि मधे तिसरा प्रकार ठेवायला हवा. १ + क्ष + क्ष चा वर्ग + … + क्ष चा आठवा घात, या बहुपदीचा वर्ग केला की सहगुणक १, २, ३ … ९ … ३, २, १ असेच येतात, क्ष ची किंमत काहीही असली तरी. ही बहुपदी (१ + क्ष + क्ष चा वर्ग) आणि (१ + क्ष चा घन + क्ष चा सहावा घात) अशा दोन अवयवांत फुटते. निळीशाई यांनी दाखवलेली १११ आणि १००१००१ ही फोड, आणि त्यांच्या वर्गांची ती सुंदर जोडी, याच बहुपदीतून येतात. डोंगराचा आकार हा ना एका संख्येचा गुण आहे ना केवळ दशमान लेखनाचा. तो बहुपदीचा गुण आहे. १११ मध्ये ३७ निघणे आणि १००१००१ मध्ये ३३३६६७ निघणे ही मात्र या एका संख्येची स्वतःची मिळकत आहे, दुसऱ्या आधारात हेच अवयव मिळतील असे नाही.

निळीशाई

सर, ३७ ही तिची स्वतःची मिळकत आहे असे तुम्ही म्हणालात, तर त्या ३७ मुळे काय मिळते ते पाहा.

एखाद्या संख्येचा वर्ग दोन धन पूर्णांकांच्या वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येतो का, हे तिच्या मूळ अवयवांना ४ ने भागल्यावर काय बाकी उरते यावर ठरते. बाकी १ असणारा निदान एक तरी अवयव असावा लागतो. ३ आणि ३३३६६७ यांची बाकी ३ आहे, त्यांचा इथे उपयोग नाही. ३७ ची बाकी १ आहे, आणि १२ चा वर्ग + ३५ चा वर्ग = १४४ + १२२५ = १३६९ = ३७ चा वर्ग. १११११११११ ला ३७ ने भागले की ३००३००३ येतात, आणि १२ व ३५ यांना त्यांनी गुणले की ३६०३६०३६ आणि १०५१०५१०५ मिळतात. म्हणजे

३६०३६०३६ चा वर्ग + १०५१०५१०५ चा वर्ग = १२३४५६७८९८७६५४३२१.

१११११११११ कर्ण असलेला, पूर्णांक बाजूंचा काटकोन त्रिकोण हा एवढा एकच आहे. बाकी १ असणारा मूळ अवयव एकच आणि तोही मूळ संख्येत एकदाच असल्यामुळे दुसरा संभवत नाही.

शुल्ब

निळीशाई, हे वाचून फार आनंद झाला. बौधायन शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदींच्या मापांवरील प्राचीन ग्रंथात, आयताच्या कर्णाचा नियम सांगितल्यावर तो पडताळण्यासाठी बाजूंच्या जोड्या दिल्या आहेत: ३ आणि ४, १२ आणि ५, १५ आणि ८, ७ आणि २४, १२ आणि ३५, १५ आणि ३६. तुमची १२ आणि ३५ ही जोडी त्यांत आहे.

सहकारनगरची आई

मुलगी विचारते की १११११११११ ही कर्ण न घेता काटकोनाची एक बाजू घेतली तर किती त्रिकोण होतील? आणि बाकीच्या डोंगरांचे काय?

निळीशाई

पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या ४५ विभाजकांतच आहे. बाजूचा वर्ग हा कर्ण व दुसरी बाजू यांच्या वजाबाकीचा आणि बेरजेचा गुणाकार असतो. आपली संख्या विषम असल्याने तिला दोन असमान अवयवांच्या गुणाकारात मांडण्याची प्रत्येक रीत एक त्रिकोण देते. ४५ विभाजकांतला १११११११११ हा स्वतःशीच जोडी लावतो, तो वगळला की ४४ उरतात, म्हणजे २२ जोड्या आणि २२ त्रिकोण. त्यांतला सर्वांत लांबट त्रिकोण १ आणि खुद्द आपली संख्या या जोडीतून मिळतो: दुसरी बाजू ६१७२८३९४९३८२७१६० आणि कर्ण तिच्याहून फक्त एकने मोठा.

दुसऱ्या प्रश्नासाठी प्रत्येक संख्येचे अवयव काढावे लागतात. १ आणि ११ कर्ण असलेला एकही त्रिकोण नाही. १११ ला ३७ मुळे एक मिळतो: ३६, १०५, १११. ११११ म्हणजे ११ × १०१, तिथेही एक: २२०, १०८९, ११११. १११११ म्हणजे ४१ × २७१, पुन्हा एक: २४३९, १०८४०, १११११. सहा एकांच्या संख्येत १३ आणि ३७ असे दोन उपयोगी अवयव आहेत, म्हणून चार त्रिकोण. सात एकांची संख्या २३९ × ४६४९ आहे; ४६४९ = ६८ चा वर्ग + ५ चा वर्ग, त्यावरून एक त्रिकोण, बाजू १६२५२० आणि १०९९१६१. आठ एकांच्या संख्येत ७३, १०१ आणि १३७ हे तिन्ही उपयोगी आहेत, म्हणून तिला तब्बल तेरा त्रिकोण मिळतात. नवव्या डोंगराला पुन्हा एकच. सहा एकांचे चार त्रिकोण मुलीला स्वतः काढू द्या: १३ साठी ५ आणि १२ घ्यायचे, ३७ साठी १२ आणि ३५, आणि उरलेले दोन १३ × ३७ = ४८१ या कर्णातून काढायचे.